पिल्लू शरण आलेलं नसतं

तेराव्या-चौदाव्या शतकात तमिळ प्रदेशातल्या श्रीवैष्णव आचार्यांमध्ये एका प्रश्नावरून मतभेद झाले. देवाची कृपा व्हावी म्हणून माणसाला स्वतः काही करावं लागतं का? कांचीपुरमच्या वेदांतदेशिकांची परंपरा म्हणे, करावं लागतं, थोडं का होईना. वानराचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगलेलं असतं, म्हणूनच ते तिच्यासोबत एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातं. पकड सुटली की खाली. श्रीरंगमच्या पिळ्ळै लोकाचार्यांच्या बाजूचं म्हणणं वेगळं होतं. मांजरीचं पिल्लू काहीही करत नाही. आई त्याची मान तोंडात धरते आणि उचलून नेते. ते पाय पोटाशी घेऊन लोंबकळत राहतं, बस्स. पहिला मर्कटन्याय, दुसरा मार्जारन्याय. वडगलै आणि तेंगलै अशा दोन शाखांमधला फरक सांगताना आजही हीच दोन पिल्लं पुढे केली जातात.

पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिणेश्वरला रामकृष्ण परमहंस हाच दृष्टांत भक्तांना सांगत. त्यांना मांजरीचं पिल्लू जवळचं वाटे. आई त्याला कधी राखेत ठेवते, कधी मालकाच्या गादीवर. पिल्लू जिथे ठेवलं तिथे राहतं आणि फक्त आईला हाक मारतं.

या सगळ्यांनी जे पिल्लू पाहिलं ते आईच्या तोंडातलं होतं. पुण्या-ठाण्याच्या एखाद्या सदनिकेत आज जे पिल्लू येतं ते टोपलीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, अनोळखी हातातून येतं. त्याची आई जिन्याखाली किंवा गॅरेजमागे राहिलेली असते. दृष्टांतातली आईची जागा आता माणसाने घेतलेली आहे, आणि ती जागा त्याला कुणी दिलेली नाही. मग त्या पिल्लाने निमूट लोंबकळत राहावं, ठेवलं तिथे राहावं, कृतज्ञ असावं, अशी अपेक्षा त्याने कोणत्या हक्काने करावी? हा प्रश्न प्राणिपालनाच्या पुस्तकाइतकाच धर्मविचाराचाही आहे. पिल्लाला कुठल्या खोलीत ठेवायचं, काय खाऊ घालायचं आणि किती दिवस वाट पाहायची, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं.

आधी मानेबद्दल. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे आणि तिच्यातलं निरीक्षण बिनचूक आहे. आईने मानेची सैल कातडी धरली की पिल्लाचं अंग आपोआप ढिलं पडतं, पाय वर घेतले जातात, धडपड थांबते. धोक्याच्या वेळी आईला त्याला पटकन हलवता यावं यासाठी शरीरानेच केलेली ही सोय आहे. माणसाची चिमूट मात्र आईचं तोंड नाही. पिल्लू मोठं होऊन त्याचं वजन वाढलं की त्याच पकडीत वेदना आणि भीती असते. ते गप्प झालं म्हणजे शांत झालं असं नसतं, अनेकदा ते घाबरून गोठलेलं असतं. म्हणून मांजरांचे जाणकार डॉक्टर मान धरून उचलू नका असं आता स्पष्ट सांगतात: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मार्जारन्यायाचं सगळं बळ त्या दातांच्या नेमक्या दाबात आहे. तो दाब माणसाकडे नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

शरणागतीचा एक प्रसंग मराठीच्या पहिल्यावहिल्या गद्यग्रंथातच आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींजवळ एक ससा धावत येतो. मागे शिकारी आणि कुत्री. ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. शिकारी तो मागतात. स्वामी देत नाहीत, कारण तो शरण आलेला आहे. शिकारी परततात, आणि मग स्वामी सशाला जायला सांगतात. आसरा दिला, जीव वाचवला आणि सोडून दिलं. त्याला पाळलं नाही, कुरवाळण्यासाठी ठेवून घेतलं नाही.

या कथेत ससा आपल्या पायांनी येतो. कुठे लपायचं हे त्याने निवडलेलं असतं, आणि संकट टळल्यावर त्याला त्याची वाट मोकळी असते. घरी आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत यातलं काहीच खरं नाही. त्याने काही निवडलं नाही आणि दार त्याच्यासाठी बंद आहे. म्हणूनच आश्रिताचं नातं इथे उलट दिशेने लागू होतं. जो आणतो तो ऋणी होतो. पिल्लू ऋणी नसतं.

एकदा हे ऋण मानलं की पहिल्या आठवड्यातल्या गोष्टी आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

मांजराचं जग वासावर उभं आहे. गालांवर, कपाळावर, पंजांत त्याच्या ग्रंथी असतात. ते वस्तूंना गाल घासतं तेव्हा आपला वास त्यांच्यावर ठेवत असतं. नव्या घरात त्याच्या वासाचं काहीही नसतं. फिनेल, उदबत्ती, फोडणी, अनोळखी माणसं, वर पंख्याचा आवाज. अशा वेळी त्याला संपूर्ण घर दाखवत फिरणं, शेजारच्या मुलांना बोलावणं, या मांडीवरून त्या मांडीवर देणं हा प्रेमाचा भाग वाटतो. पिल्लाला तो एकामागून एक धक्का असतो. त्याला हवी असते एक लहान खोली. तिच्या एका कोपऱ्यात लिटरचा ट्रे, त्यापासून लांब खाणं-पाणी, आणि आडवा ठेवलेला एखादा पुठ्ठ्याचा खोका. आई-भावंडांच्या अंगाखालचं फडकं मिळालं तर ते न धुता त्या खोक्यात घालावं. जिथून आणलं तिथे जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्यावं.

तो खोका क्षुल्लक नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचं निरीक्षण केलं. त्यातल्या १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. खोका मिळालेल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच लक्षणीय कमी झाला. लपणं म्हणजे नाकारणं, अशी माणसाची समजूत असते. मांजराच्या दृष्टीने ती सावरण्याची पद्धत आहे. कपाटामागून पिल्लाला हात घालून बाहेर ओढणं म्हणजे त्याच्याकडे उरलेला एकमेव निर्णय हिरावून घेणं.

मग माणसाने काय करायचं? जमिनीवर बसायचं. वाचायचं, हळू आवाजात बोलायचं, पिल्लाकडे टक लावून बघायचं नाही. डोळे सावकाश मिटून उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात असं दिसलं की समोरच्या माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे जायला जास्त तयार होतात. फक्त एका बाबतीत वाट पाहायची नाही: लहान पिल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर त्याला डॉक्टरांकडे न्यायलाच हवं.

पण सगळं पहिल्या दिवशी सुरू होत नाही. बरंच काही त्याआधीच ठरून गेलेलं असतं, आणि इथे आपल्याकडची एक सवय फार नुकसान करते. पिल्लू जितकं लहान तितकं गोड, म्हणून डोळे उघडून चार-पाच आठवडे होतात न होतात तोच त्याला उचललं जातं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात. ती जागा खरोखरच बदलते, धोका वाटला किंवा जागा घाण झाली की. पण त्या साती घरांत आई आणि भावंडं तीच असतात. भावंडांशी झटापट करताना पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं, आईकडून थांबायला शिकतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ५,७२६ मांजरांची माहिती तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळतो, आणि चौदा आठवड्यांनंतर वेगळ्या झालेल्यांत असे प्रश्न कमी दिसतात.

दुसऱ्या बाजूने, माणसाची ओळखही याच काळात व्हावी लागते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन माणसासाठी उघडं असतं. रोज १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं माणसाजवळ लवकर येत आणि जास्त वेळ थांबत. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर उत्तर सरळ आहे. पिल्लाची आणि माणसाची ओळख आईच्या जागेवर व्हावी, आईच्या देखत. घेऊन जाणाऱ्याने आधी तिथे जाऊन रोज थोडा वेळ बसावं आणि पिल्लाला निदान आठ आठवडे, शक्य असेल तर बारा, तिथेच राहू द्यावं. जिन्याखालच्या मांजरीच्या बाबतीत हे नेहमी साधत नाही. गाडी, पाऊस, कुत्री यांतून वाचवलेल्या पिल्लाला लगेच उचलावंच लागतं. मात्र वाचवण्यासाठी उचलणं आणि हौसेसाठी उचलणं यांत धर्मदृष्ट्या मोठं अंतर आहे.

इतकं केल्यावर पिल्लू माणसाला आपलं मानतं का? अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी वापरली जाणारी चाचणी पिल्लांवर करून पाहिली. अनोळखी खोलीत दोन मिनिटं पालकासोबत, दोन मिनिटं एकट्याने, मग पालक परत. ज्या ७० पिल्लांचं वर्गीकरण करता आलं, त्यांतली ६४.३ टक्के पालक परतल्यावर शांत झाली आणि पुन्हा खोली हुंगायला निघाली, म्हणजे त्यांना त्या माणसाचा आधार वाटत होता. उरलेल्या साधारण एक तृतीयांशांना तसं वाटलं नाही. मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही, हे घरोघरी ऐकू येणारं मत या आकड्यापुढे टिकत नाही. त्याचबरोबर विश्वास गृहीत धरता येत नाही, हेही तोच आकडा सांगतो.

आता सर्वांत अवघड प्रश्न. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तो पिल्लाच्या पाठोपाठ आत येतो आणि बहुतेक वेळा त्यावर बोललं जात नाही. पिल्लू मांसाहारी आहे.

वाटीभर गाईचं दूध आणि दूधभात यांवर पिल्लू वाढतं हा समज फार खोल रुजलेला आहे. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. लहान पिल्लाला त्यामुळे जुलाब होतात आणि जुलाबाने ते झपाट्याने खंगतं. त्याहून मूलभूत गोष्ट म्हणजे टॉरीन. हा घटक प्राण्यांच्या स्नायूंत, हृदयात असतो, वनस्पतींत जवळजवळ नसतो, आणि मांजराचं शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही. टॉरीन कमी पडलं तर मांजराचा दृष्टिपटल झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झालं. हृदयाचे स्नायू ढिले पडून मांजर मरतं, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॉल पियन यांनी दाखवलं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. कुत्रं पोळीवर निभावून नेतं. मांजराची घडणच तशी नाही.

मग गळ्यात तुळशीची माळ असलेल्या घराने काय करायचं? जैन घराने काय करायचं?

नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा वारकऱ्यांच्या घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. सर्वांभूती देव पाहणं हा तिचा अर्थ. रामकृष्णांनी याच भावनेने एक पाऊल पुढे टाकलं: कालीमातेच्या नैवेद्यासाठी केलेली लुची, म्हणजे बंगाली पुरी, त्यांनी मांजराला भरवली. देवळाच्या व्यवस्थापकाने मालकीणबाईंचे जावई मथुरबाबू यांच्याकडे लेखी तक्रार केली. मथुरबाबूंनी उत्तर पाठवलं की त्यांना काही म्हणू नका. या दोन्ही कथांत देव प्राण्याच्या रूपाने येतो आणि भक्त आपल्या ताटातलं त्याला देतो. दोन्ही कथा सुंदर आहेत. पण पोळी आणि लुची भक्ताच्या स्वयंपाकघरातल्या आहेत. मांजरात देव पाहायचा असेल, तर त्या देवाला रुचणारा नैवेद्य कोणता, याचं उत्तर भक्ताच्या पथ्यावरून ठरवता येत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात वडाच्या झाडाखाली राहणारा पलित उंदीर आणि लोमश बोका यांची गोष्ट भीष्म युधिष्ठिराला सांगतात. बोका पारध्याच्या जाळ्यात अडकलेला, उंदराच्या मागावर मुंगूस आणि घुबड. उंदीर बोक्याशी सख्य करतो, पारधी जवळ येईपर्यंत थांबून नेमक्या क्षणी जाळं कुरतडतो, आणि दोघं वाचतात. नंतर बोका मैत्रीची हाक देतो तेव्हा पलित नम्रपणे नकार देतो. तुला भूक लागेल आणि मी तुझं अन्न आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्या नकारात बोक्याबद्दल तिरस्कार नाही. बोक्याची भूक हे पाप मानलेलं नाही. ती एक वस्तुस्थिती आहे आणि शहाण्याने तिचा हिशेब धरावा, एवढंच. हीच महाभारताची परंपरा उद्योगपर्वात ढोंगी तपस्वी मांजराची गोष्टही सांगते. तिथे दोष खाण्याचा नाही, मी आता काही खात नाही असं भासवण्याचा आहे. शाकाहारी घराने मांजराला शाकाहारी करायला जाणं म्हणजे त्याच्यावर हेच ढोंग लादणं.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. मांजराला मांस हवं हे खरं, पण ते विकत घेणारा माणूस असतो. एका जीवावर दया करताना दुसऱ्या अनेकांची हत्या त्याच्या पैशाने होते. अहिंसा हे व्रत मानणाऱ्याला हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. टॉरीन कारखान्यात तयार होतं, पिशवीतल्या खाद्यात तेच घालतात, मग वनस्पतिजन्य खाद्यात घालून का देऊ नये, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. मात्र वाढत्या पिल्लाची गरज टॉरीनपुरती नसते. प्रथिनं, मेदाम्लं, चुना, सगळ्याचं प्रमाण जुळावं लागतं आणि ते चुकलं तर भोगायचं पिल्लानेच. स्वतःच्या व्रताची किंमत स्वतः मोजणं हे तप आहे. तीच किंमत दुसऱ्या जीवाकडून, त्याला न विचारता वसूल करणं ही हिंसा आहे.

इस्लामी परंपरेत या प्रश्नाची दुसरी बाजू सांगणारी एक हदीस आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवलं. तिने त्याला खाऊही घातलं नाही आणि जमिनीवरचे बारीकसारीक जीव खायला मोकळंही सोडलं नाही. मांजर मेलं, आणि त्यासाठी त्या स्त्रीला नरक मिळाला. दोषाची मांडणी इथे फार काटेकोर आहे. कोंडणं हा एकटा गुन्हा ठरवलेला नाही. कोंडून त्याचं अन्न तोडणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या आठव्या मजल्यावर मांजर बाहेर सोडणं शक्य नसतं, खिडक्यांना जाळी लावावीच लागते आणि जाळी नसेल तर आधी ती लावूनच पिल्लू आणावं. बाहेरचं जग बंद केलं की त्या जगातून त्याला जे मिळालं असतं ते सगळं आत पुरवण्याची जबाबदारी येते: शिकारीसारखा खेळ, चढायला उंच जागा, नखं घासायला काथ्याचा खांब आणि त्याच्या दातांना साजेसं अन्न.

लसीचंही तसंच. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिहेरी लस, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मधूनमधून जंतांचं औषध. पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य रोगाने लस न टोचलेली पिल्लं पाहता पाहता दगावतात. माणसाची ताप उतरवण्याची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष आहे, फुलदाणीतली लिलीसुद्धा. हे पिल्लू आणण्याआधी ठाऊक असायला हवं.

आणि तरीही अनेक पिल्लं काही महिन्यांत घराबाहेर जातात. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही धास्ती आपल्याकडे आहे. मांजर मासळीबाजारात सोडून यायला मात्र कुणी कचरत नाही. तिथे त्याला खायला मिळेल, असं मनाचं समाधान करून घेतलं जातं. त्या बाजारात आधीपासून राहणारी मांजरं आपापली जागा राखून असतात, कुत्री असतात, हातगाड्या आणि टेंपो असतात. घरात वाढलेल्या पिल्लाला यातलं काहीही माहीत नसतं. १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा मानतो. धर्माच्या भाषेत सांगायचं तर हा ऋण बुडवण्याचा प्रकार आहे, आणि सोन्याच्या मांजराने ते फिटत नाही.

म्हणून एक विनंती. पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून मांसाच्या प्रश्नावर बोलावं, अगदी आजी-आजोबांसह. वेगळं भांडं, वेगळा कोपरा, पिशवीतलं तयार खाद्य, अशा तडजोडीने अनेक माळकरी घरांना मार्ग निघू शकतो. ज्यांना तेही पटत नसेल, त्यांनी पिल्लू आणू नये. त्यात कमीपणा नाही, उलट व्रताशी आणि पिल्लाशी ते दोघांशीही प्रामाणिक राहणं आहे. त्यांनी आपल्या इमारतीखालच्या मांजरीच्या नसबंदीचा खर्च उचलावा, किंवा तिच्या पिल्लांच्या लसींचा. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू कुणीच आणू नये. आणि ज्यांनी आणलं आहे, त्यांनी ते मांजर वीस वर्षं जगू शकतं हे धरून चालावं.